जुन्या गाडीचा हीटर चालत नाहीये? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हीटर बंद पडला की कोणीतरी लगेच सांगतं, कोअर गेला, आता पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागणार. खरं तर बऱ्याच गाड्यांमध्ये दोष त्याच्या कितीतरी आधी सापडतो, आणि तो शोधायला हात, टॉर्च आणि थोडा वेळ एवढंच लागतं. जुन्या गाडीत हीटर थंड पडणं ही अनेकदा इंजिनाची तक्रार असते, म्हणून गारठा सोसून घेईन असं म्हणत ती तशीच सोडू नका.

हीटर गरम हवा आणतो कुठून?

इंजिनातून. पाण्यावर थंड होणाऱ्या गाडीत हीटर वेगळी उष्णता तयार करत नाही. पेट्रोल-डिझेल जळून जी उष्णता होते तिचा मोठा भाग वाया जातो, त्यातली काही कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं थंड ठेवायचं द्रव, उचलतं आणि रेडिएटरकडे नेऊन बाहेर टाकतं. त्यातलंच थोडं कूलंट दोन पाइपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमध्ये येतं, तोच हीटर कोअर. ब्लोअर त्याच्यावरून हवा ढकलतो आणि ती गरम होऊन तुमच्यापर्यंत येते. म्हणजे तीन गोष्टी जमल्या पाहिजेत: गरम कूलंट कोअरपर्यंत आलं पाहिजे, ब्लोअरने हवा ढकलली पाहिजे आणि आतल्या फ्लॅपने ती हवा कोअरवरून जाऊ दिली पाहिजे. दोष या तिन्हीपैकी कुठेतरीच असतो.

मग सुरुवात कुठून करू?

आधी एवढंच ठरवा की हवा येतच नाहीये, की येतेय पण गार येतेय. हवाच येत नसेल तर इलेक्ट्रिकचा मामला आहे, खाली ब्लोअरचा प्रश्न वाचा. हवा जोरात येतेय पण गार असेल तर बॉनेट उघडा, पण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, आणि कूलंटची पातळी बघा. फक्त बाजूची प्लास्टिकची टाकी बघून थांबू नका. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून बघा, कारण जुन्या गाड्यांमध्ये टाकीत मार्कपर्यंत कूलंट दिसतं आणि रेडिएटर आत रिकामा असतो. झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी चिरली असेल तर इंजिन गार होताना टाकीतलं कूलंट परत ओढलंच जात नाही, हवा ओढली जाते.

आणि हे नीट वाचा: गरम इंजिनाचं रेडिएटर झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं कूलंट दाबाखाली असतं, त्या दाबामुळेच ते १०० डिग्रीच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते एका क्षणात उकळून अंगावर येतं. चेहरा आणि हात भाजतात. फडकं धरून हळूच उघडतो वगैरे अजिबात करू नका, थांबा.

कूलंट थोडं कमी असलं तर हीटरला काय फरक पडतो? गाडी तर नीट चालतेय.

पडतो, आणि सगळ्यात आधी तिथेच पडतो. अनेक गाड्यांमध्ये हीटर कोअर त्या सगळ्या सर्किटमध्ये उंचावर बसवलेला असतो, त्यामुळे कूलंट कमी झालं की हवा तिथेच जाऊन साठते. इंजिनापुरतं कूलंट असतं, काटा मध्यावर असतो, आणि हीटर मात्र गार. टाकी भरली, हीटर सुरू झाला, विषय संपला असं समजू नका. कूलंट बंद सर्किटमध्ये फिरतं, पेट्रोलसारखं संपत नाही. कमी झालंय म्हणजे कुठूनतरी गेलंय. पाइपांच्या क्लॅम्पपाशी, वॉटर पंपाखाली, रेडिएटरच्या कडांना हिरवे, गुलाबी किंवा पांढरट सुकलेले डाग शोधा. पुढच्या सीटसमोरचं कार्पेट उचलून हात लावून बघा. बाहेर कुठेच काही दिसत नाही आणि पातळी तरी उतरतेय, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, किंवा गार इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतायत, तर हेड गास्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्या. त्या अवस्थेत गाडी पळवत राहिलात तर खर्च हीटरचा राहत नाही, इंजिनाचा होतो.

दोन पाइप हात लावून बघा असं सगळे सांगतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

ही टेस्ट फुकट आहे आणि यातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून दोन रबरी पाइप आत जातात, साधारण बोटभर जाडीचे. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, मग दोन्ही पाइपांना अलगद हात लावा. फॅन आणि बेल्टपासून हात, बाह्या, ओढणी लांब ठेवा, कारण इलेक्ट्रिक फॅन न सांगता अचानक सुरू होतो.

दोन्ही पाइप चटका बसेल इतके गरम असतील, म्हणजे परत येणारा थोडासाच कमी, तर कोअरला गरम कूलंट व्यवस्थित मिळतंय, आणि दोष बहुतेक डॅशबोर्डच्या आतल्या फ्लॅपमध्ये आहे. एक गरम आणि दुसरा गार किंवा जेमतेम कोमट असेल तर कूलंट आत जातंय पण पलीकडे निघत नाहीये, म्हणजे कोअर चोक झालाय, हवा अडकलीय, किंवा त्या लाइनवर हीटरचा व्हॉल्व असेल तर तो उघडत नाहीये. दोन्ही गार असतील तर तिथपर्यंत गरम कूलंट पोचतच नाहीये, तेव्हा पातळी, थर्मोस्टॅट (त्याचं काम पुढच्या प्रश्नात), कूलंट फिरवणारा पंप आणि तो व्हॉल्व बघायचा.

व्हॉल्व सगळ्या गाड्यांत नसतो. असला तर याच पाइपांवर दिसतो, केबलने नाहीतर व्हॅक्यूमच्या बारीक नळीने चालतो. कोणाला तरी आत नॉब फिरवायला सांगा आणि तुम्ही बाहेरून दांडी हलतेय का बघा. वर्षभर एकाच जागी राहिलेला व्हॉल्व गंजून जाम होतो, आणि केबलची क्लिप निसटलेली असणं हे तर इतकं कॉमन आहे की पार्ट मागवायच्या आधी तिथे नजर टाकाच.

हवा कोमट येते आणि टेंपरेचरचा काटाही वर येत नाही, विशेषतः हायवेला. का?

थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, जवळजवळ नक्की. थर्मोस्टॅटचं काम एवढंच की इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचा रस्ता बंद ठेवायचा आणि ठरलेल्या तापमानाला, बहुतेक गाड्यांत ८२ ते ९५ डिग्रीच्या दरम्यान, तो उघडायचा. तो उघडाच राहिला तर थंडीत समोरून येणारा वारा रेडिएटर इतका गार करतो की इंजिन तापतच नाही, मग हीटर कुठून तापणार. तपासायला सोपं आहे: गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरला वरून येणाऱ्या जाड पाइपाला मधूनमधून हात लावा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट बंद होत नाहीये. काढून पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरबरोबर तापवूनही बघता येतो, उघडायचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं. हा पार्ट स्वस्त असतो, घेताना तुमच्या इंजिनाला दिलेल्या तापमानाचाच घ्या, गास्केट नवीन टाका, आणि त्यावर हलणारी छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवून बसवा म्हणजे हवा तिथून निघून जाते.

मेकॅनिक म्हणतोय थर्मोस्टॅट काढूनच टाकू, गाडी कधी तापणार नाही.

नको. इंजिन कायम अर्धवट गार राहिलं तर मिश्रण गरजेपेक्षा जास्त पेट्रोलचं राहतं, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये ओल आणि इंधन साठून त्याचा चिखल होतो, इंजिन लवकर झिजतं, आणि हीटर तर विसरायचाच. गाडी तापत असेल तर ती का तापतेय ते शोधायचं.

गाडी पळताना गरम हवा, सिग्नलला थांबलो की गार. हे काय आहे?

इंजिनाचे आरपीएम, म्हणजे फेरे, वाढले की पंप जोरात फिरतो आणि कमी कूलंट, अडकलेली हवा किंवा थोडा चोक झालेला कोअर असतानाही कसंबसं कूलंट ढकलतो, आयडलला तेवढा जोर राहत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: पातळी, मग हवा काढणं, मग कोअर, आणि शेवटी पंप. पंपाच्या आतली पाती गंजून झिजतात, काही गाड्यांत ती प्लास्टिकची असतात आणि तुटतात किंवा शाफ्टवर सैल होऊन फिरतच नाहीत. बाहेरून पुली छान फिरताना दिसते, गळती नसते, त्यामुळे कोणाचं लक्ष जात नाही. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्याचा आवाज येत असेल तर मात्र पंपाआधी हवेचा विचार करा.

अडकलेली हवा काढायची कशी?

कूलंट बदललं, पाइप बदलला, थर्मोस्टॅट बदलला आणि त्यानंतर हीटर गार पडला, तर हेच झालेलं असतं आणि बिचाऱ्या नवीन पार्टवर उगाच शंका घेतली जाते.

गाडी गार असताना शक्य असेल तर पुढचं तोंड वर येईल अशा चढावर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांमागे दगड लावा. झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा म्हणजे व्हॉल्व उघडा राहील, ब्लोअर हळू. रेडिएटर काठोकाठ भरा. थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा हीटरच्या पाइपावर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि बुडबुड्याशिवाय कूलंट यायला लागलं की घट्ट करा. काही गाड्यांत असे दोन-तीन स्क्रू असतात, ते कुठे आहेत हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मग इंजिन सुरू करून आयडलला राहू द्या. पातळी उतरेल तसं कूलंट टाकत राहा, वरचा आणि खालचा जाड पाइप इंजिन तापायच्या आधी हाताने दाबत राहा, बरीच हवा त्यानेच निघते. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा, आणि उसळायला लागायच्या आत झाकण लावून टाका. इथे घाई केली की भाजतं, त्यामुळे चेहरा वर आणू नका. झाकणाच्या जागी घट्ट बसणारं उंच नरसाळं मिळतं, ते घेतलंत तर हे काम फार सुखाचं होतं. एक चक्कर मारून या, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पुन्हा पातळी बघा. हट्टी गाड्यांना हे दोनदा करावं लागतं.

हवा काढली आणि काही दिवसांत परत अडकली तर ती आत येतेय कुठूनतरी. मग पुन्हा गळती आणि हेड गास्केट.

हवाच येत नाही, ब्लोअरचा आवाजही नाही.

फ्यूज, मग रिले, मग मोटर, याच क्रमाने. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, मोठा टाकलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल आणि ती डॅशबोर्डमागे जळेल. फ्यूज ठीक असेल तर ब्लोअर चालू ठेवून मोटरच्या घरावर हलकेच टकटक करा, मोटर बहुतेक ग्लोव्ह बॉक्सच्या खाली असते. टकटक केल्यावर फिरायला लागली तर आतले कार्बन ब्रश झिजलेत, मोटर बदलायची तयारी ठेवा. तरी नाही फिरली तर टेस्ट लँपने प्लगवर १२ व्होल्ट येतायत का बघा. करंट येतोय, अर्थिंगची वायर चांगली आहे आणि मोटर फिरत नाही, तर मोटर गेली. करंटच येत नाही तर स्विच, रिले किंवा वायरिंग.

हवा येते पण अगदी कमी, आणि मोटरचा आवाज मात्र भरपूर, असं असेल तर केबिन फिल्टर आणि वायपरखालची जाळी बघा. पानं, धूळ, कधीकधी उंदराचं घरटंसुद्धा निघतं तिथून.

ब्लोअर फक्त सगळ्यात मोठ्या स्पीडला चालतो, बाकी नंबर मेले.

रेझिस्टर. मोठ्या स्पीडला करंट रेझिस्टरला वळसा घालून जातो, म्हणून तेवढा एकच नंबर जिवंत राहतो. ब्लोअरजवळच हवेच्या वाटेत बसवलेला असतो, दोन स्क्रू आणि एक प्लग. पण प्लग वितळलेला किंवा तपकिरी झालेला दिसला तर नुसता रेझिस्टर बदलून भागणार नाही, प्लगही बदला आणि मोटर हाताने फिरवून बघा. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते आणि नवीन रेझिस्टरही थोड्याच दिवसांत खाऊन टाकते.

दोन्ही पाइप गरम आहेत तरी हवा गार. किंवा एका बाजूला गरम, दुसऱ्या बाजूला गार.

फ्लॅप. गरम-गार हवा मिसळणारा एक फ्लॅप असतो, जुन्या गाड्यांत तो केबलने फिरतो, काहींत व्हॅक्यूमने, नंतरच्या गाड्यांत छोट्या मोटरने. नॉब फिरवताना हाताला काहीच जोर लागत नसेल तर केबल सुटलीय. डॅशबोर्डमागून टकटक-टकटक येत असेल तर मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटलेत. व्हॅक्यूमवाल्या गाडीत नळी चिरली की फ्लॅप भलत्याच जागी जाऊन बसतो. फ्लॅपवरचा फोम वर्षानुवर्षांनी कुजून त्याचे तुकडे व्हेंटमधून उडायला लागतात, तेही याच घरातलं लक्षण. दोन बाजूंना वेगळं तापमान ठेवता येणारी गाडी असेल तर दोन फ्लॅप असतात, पण अर्धवट चोक झालेल्या कोअरनेही एक बाजू गार पडू शकते, म्हणून पाइपाची टेस्ट आधी करून घ्या.

आत गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट थर बसतो.

हीटर कोअर गळतोय. कूलंटची वाफ काचेवर बसते, पुसली की पसरते आणि समोरून लाइट आला की काहीच दिसत नाही. ही सहन करण्यासारखी गोष्ट नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, चवीला गोड असतं, त्यामुळे लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांना फार धोका. कार्पेटवर सांडलेलं, अंगणात गळलेलं, बादलीत काढून ठेवलेलं, सगळं लगेच आवरा आणि मातीत ओतू नका.

तात्पुरता कोअर बायपास करून गाडी चालवू का?

चालवता येते. आत जाणारे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडायचे. बूच मारून बंद करू नका, काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट याच वाटेने फिरतं. मात्र बायपास केल्यावर काचेवरचं धुकं काढायला गरम हवा नसते, त्यामुळे थंडीत, पावसात, रात्री ती गाडी बाहेर काढू नका.

चोक झालेला कोअर साफ होतो का?

बऱ्याचदा होतो, आणि डॅशबोर्ड उतरवायच्या आधी हे करून बघाच असं माझं ठाम मत आहे. गार इंजिनावर दोन्ही पाइप कोअरकडून काढा. जुना पाइप नळीला चिकटलेला असतो, पिळून ओढलात तर कोअरची नळीच तुटते, म्हणून पाइप लांबीत कापून सोलून काढा आणि नवीन टाका. मग कूलंट ज्या बाजूने बाहेर येतं त्या बाजूने साध्या नळाच्या पाण्याची धार उलटी सोडा, दाब कमी ठेवून. दुसऱ्या नळीला पाइपाचा तुकडा लावून पाणी बादलीत घ्या. आधी तपकिरी, गाळ, पापुद्रे येतील. दिशा बदलत राहा, स्वच्छ पाणी मोकळेपणाने यायला लागेपर्यंत. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, जुना कोअर ती सोसत नाही. पाणी निघतच नसेल, किंवा धुतल्यावर गळायला लागला, तर तो आतून खाल्लेला होता आणि आता बदलणं आलं.

गळती बंद करायची पावडर टाकली तर?

मी टाकणार नाही. ती बारीक भोकं बुजवते, आणि हीटर कोअरच्या नळ्या आधीच बारीक असतात. रस्त्यात अडकून घरी पोचायचं असेल तर वेगळी गोष्ट, पण मग पोचल्यावर सगळं सर्किट धुवा.

नुसतं पाणी भरलं तर चालत नाही का?

अडचणीत चालतं, सवय म्हणून नाही. नळाच्या पाण्यातले क्षार कोअरमध्ये थर धरतात, लोखंड गंजतं, ॲल्युमिनियम खाल्लं जातं, आणि तोच गाळ वर सांगितल्याप्रमाणे बाहेर येतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं ठेवलं की साधारण उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही. रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच टाका, भलतेच प्रकार एकत्र झाले तर गंज थांबवणारी रसायनं कामातून जातात आणि कधीकधी गाळ धरतो.

डिझेल गाडी आहे, तापायला खूप वेळ घेते. दोष आहे का?

असेलच असं नाही. डिझेल इंजिन आयडलला फार कमी उष्णता वाया घालवतं, उभं ठेवून तापत नाही, हळू चालवत नेलं की तापतं. काही डिझेल गाड्यांत म्हणून वेगळा इलेक्ट्रिक हीटर जोडलेला असतो, तो बंद पडला तर सुरुवातीची काही मिनिटं जास्त गार जातात. चांगला अर्धा तास चालवूनही कोमटच असेल तर थर्मोस्टॅट बघा.

माझी गाडी एअरकूल्ड आहे, रेडिएटरच नाही.

मग वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. जुन्या फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत हवा एक्झॉस्टभोवतीच्या पत्र्याच्या पेट्यांतून तापून केबिनमध्ये येते. तिथले फ्लॅप, केबल आणि हवेचे पाइप बघायचे. पण सगळ्यात महत्त्वाचं, पेटीच्या आतला एक्झॉस्ट गंजून भोक पडलं तर कार्बन मोनॉक्साइड सरळ आत येतो, त्याला वास नसतो आणि त्याने माणूस मरतो. हीटर लावल्यावर डोकं दुखतंय, मळमळतंय, धुराचा वास येतोय, तर हीटर बंद, काचा खाली, गाडी बाजूला, आणि दुरुस्ती होईपर्यंत हीटरला हात लावायचा नाही.

काटा लाल रेषेकडे चाललाय आणि हीटरमधून गार हवा येतेय. काय करू?

लगेच सुरक्षित जागी थांबा आणि इंजिन बंद करा. एरवी गाडी तापायला लागली की हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर मोठा ठेवला तर थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते आणि थांबायची जागा मिळेपर्यंत वेळ मिळतो. पण हीटर गार असताना काटा वर असेल तर कूलंट फिरत नाहीये किंवा उरलंच नाहीये, आणि पुढच्या काही मिनिटांत हेड वाकू शकतं. काट्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नका, पातळी सेन्सरच्या खाली गेली तर सेन्सर कूलंटमध्ये बुडालेलाच नसतो आणि काटा उलटा खाली येतो, त्यामुळे चालता चालता हीटर एकदम गार पडला आणि काटाही घसरला तर तेही थांबण्याचंच कारण समजा. बॉनेट उघडा पण झाकणाला हात लावू नका, निदान अर्धा-पाऊण तास गार होऊ द्या. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. गार झाल्यावर पातळी बघा, पाइप फुटलाय का, बेल्ट जागेवर आहे का ते बघा, आणि भरलेलं पाणी डोळ्यांसमोर खाली गळून जात असेल तर गाडी टो करूनच न्या.